महिन्याची भेट

अंथरुणाला खिळलेल्या शिंपीणमावशी सकाळपासून केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून वाट बघत होत्या. दुपारी चर्चचे पाळक आणि सेवागटातले तिघे असे चौघे आले. औषधं टेबलावर, किराणा फळीवर. कामाला नावं ठेवायला जागाच नाही. मग पलंगाभोवती उभं राहून सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकांनी चांगली लांबलचक प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या मावशींचा एकटेपणा दूर कर."

मावशी एकेकाच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिल्या.

आमेन होताच पावलं दाराकडे वळली. अजून सहा घरं उरकायची होती.

"पाळकसाहेब, पुढच्या खेपेला प्रार्थना घरूनच करून या," मावशी म्हणाल्या. "इथं डोळे उघडे ठेवा. माझ्याकडे बघायला महिनाभरात दुसरं कुणी येत नाही हो."