बेंचवरचा बारा नंबर

"हा काहून बसून आहे?" विठ्ठलरावांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

बोटाला चिवड्याचं तेल होतं. अमरने ते पुसलं नाही. होणाऱ्या सासऱ्याचं बोट होतं ते. निदान व्हावं, अशी त्याची फार इच्छा होती.

"तो बारा नंबरच्या जर्सीवाला, काका. त्याले मी बसवूनच ठेवतो."

विठ्ठलराव बाभुळगावहून घाटंजीला घर पाहायला आले होते. घर पाहून झालं, शेत पाहून झालं. अमरच्या आईचा, विमलताईंचा, चहा दोनदा झाला. उरली होती पोराची नोकरी. घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी बास्केटबॉलचा गेम तपासायचा, यात काम कोणतं, हेच त्यांना कळत नव्हतं.

"हे पोट्टे आपल्या आपण खेळते," अमर सांगू लागला. "हरेकाले शंभरातून नंबर. बटन दाबलं का एक वर्ष जाते. कोणाचा नंबर वाढला, काहून वाढला, हे मी पाहातो. याइले कोच देल्ला, खुराक देल्ला, सराव देल्ला. बारा नंबरले काहीच नाही. मंग दोघाइचं जुळवून पाहाचं."

"त्याले सांगत नाही?"

"अजिबात नाही. 'पुढच्या मॅचले घेतो' एवढं जरी सांगतलं, तरी गडी खुश होते आन नंबर वाढते. टेस्टच खराब. त्याले काहीच कळू द्याचं नाही."

विठ्ठलरावांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, मंग हे आमच्या कपाशीसारखंच झालं! नवं औषध आणलं का मी दोन ओळी बिना फवारणीच्या सोडतो. नाही तर औषधाचा गुण समजन कसा?"

त्यांनी खिशातून डायरी काढून दाखवली. डावीकडे फवारणी, उजवीकडे बिना फवारणी. खाली झाडागणिक बोंडं मोजलेली.

"बराबर, काका!" अमरला वाटलं, अर्धं लग्न झालं.

"नाव काय या बारा नंबरचं?"

"अमर," तो लाजत म्हणाला.

त्याचं असं झालं होतं की, खेळाडूंना नावं द्यायची म्हणून त्याने गल्लीतलीच दिली होती. शेजारच्या सोनूने बेंचवर स्वतःचा नंबर शंभरातून अडतीस पाहिला आणि आठ दिवस बोलणं बंद केलं. तेव्हापासून बेंचवर अमर स्वतः बसला. त्याची काही तक्रार नव्हती.

विठ्ठलरावांच्या मुलीशी, अपेक्षाशी, तो एकदाच बोलला होता, तिच्या घरी. तिने विचारलं होतं, "गेम तुम्ही स्वतः खेळता का?" तो म्हणाला होता, "नाही, मी नुसतं पाहातो." ती हसली होती. त्या हसण्यानंतर अमरने ठरवलं होतं, करीन तर हिच्याशीच.

निघताना विठ्ठलराव म्हणाले, "कळवतो."

"कळवतो म्हणजे नाही," सोनूने निकाल दिला.

पण पंधरा दिवसांनी फोन आला.

"अमरराव, एक विचारतो. आमच्या पाहण्यातला एक पोट्टा आहे, राजूरचा. आयुष. त्याचा नंबर समजा बावन्न. वाढन का?"

"वय?"

"सत्तावीस."

"लय जागा आहे, काका. पहाटी पळाले लावा. इंग्रजीचा क्लास लावा. मोबाईल कमी. आन मांगं लागणारा एक माणूस पाह्यजे."

अमरने अख्खा तक्ता करून पाठवला. विमलताई करवादल्या, "तुले कायले पाह्यजे पराया पोट्ट्याची पंचाईत?"

"अवं आई, घरचा समजल्याशिवाय कोणी विचारते का?"

हे विमलताईंनाही पटलं.

मग विठ्ठलराव महिन्याला एकदा येऊ लागले. कधी तुरीच्या बियाण्याचं निमित्त, कधी बाजाराचं. अर्धा तास बसायचे. किती वाजता उठता, वजन किती, असं विचारायचे आणि डायरीत काहीतरी लिहायचे. विमलताई दर वेळी शिरा करायच्या. तुपाचा हात दर महिन्याला सैल होत गेला.

"काका, मीबी इंग्रजीचा क्लास लावू का?" अमरने एकदा विचारलं. "पोटबी थोडं कमी करीन म्हनतो."

"नाही, नाही!" विठ्ठलराव घाबरलेच. "काही करू नका. तुमी आहे तसेच राहा."

इतक्या मायेने त्याला आजवर कोणी असं सांगितलं नव्हतं. संध्याकाळी त्याने सोनूला सांगितलं, "पसंत आहे त्याइले मी. आहे तसा."

"मंग होकार काहून देत नाही?"

"मोठी माणसं, घाई नाही करत."

चौथ्या महिन्यात विठ्ठलराव आले ते पेढ्यांचा डबा घेऊन. हातात कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेली पत्रिका.

"बाप्पा!" विमलताई हरखल्या. "भाऊ, पत्रिका छापूनबी टाकली? तारीख तरी विचारायची आमाले!"

अमरने पत्रिका उघडली. वर अपेक्षाचं नाव होतं. खाली आयुषचं. मुक्काम राजूर.

विमलताईंनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

"काका," अमर म्हणाला, "आमचं काही चुकलं का?"

"छ्या! तुमचं काय चुकन?" विठ्ठलराव अगदी मनापासून सांगत होते. "तुमच्याबिगर हे जमलंच नसतं. सुरवातीले तर तुमीच पुढं होते. लय वेळा मनात आलं का सांगून टाकाव. पण तुमीच म्हनलं होतं नं, काही कळू द्याचं नाही म्हणून."

त्यांनी डायरी काढून अमरच्या हातात दिली.

डावीकडे आयुष. बावन्न, साठ, अडुसष्ट, पंच्याहत्तर.

उजवीकडे अमर. चौसष्ट, चौसष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. आणि वर, ठसठशीत अक्षरात, 'बिना फवारणी'.