टेबलाखालचे पुठ्ठे

बाइंडरच्या बायकोनं टेबलाखाली पालथं पडून तिसऱ्यांदा पुठ्ठे मोजले. बाराच! हवे होते वीस. चारही पायांखाली तीच गत.

दर रविवारी दुपारी नवरा घोरायला लागला की ती हळूच खाली दुकानात यायची. दांड्यानं टेबलाचा एकेक पाय उचलायची आणि प्रत्येकाखाली एक जाड पुठ्ठा सरकवायची. असे वीस रविवार झाले. सरळ सांगून भागलं असतं तर कशाला हे चोरटे उद्योग? पण बाइंडर पडला हट्टी. टेबल त्याच्या ठेंगण्या बापानं स्वतःच्या मापानं केलेलं, आणि हा ताडमाड. दिवसभर वाकून पुस्तकं बांधायची आणि संध्याकाळी कमरेला हात लावून कण्हायचं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर वर्षभरात काम सोडावं लागेल. तरी हा चारचौघांत गरजला होता, "माझ्या बापाच्या टेबलाला कुणी हात लावला, तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप!"

पुठ्ठे वाढत गेले तशी त्याची पाठ सरळ होत गेली. गडी चक्क शीळ घालत काम करायला लागला. बायको मनातल्या मनात खुदुखुदू हसायची. एवढा नावाजलेला कारागीर, आणि आपलं टेबल वर चाललंय याचा पत्ता नाही!

आता मात्र ती चौथ्यांदा मोजायला लागली. आठ पुठ्ठे गेले कुठे? म्हणजे त्याला कळलं. म्हणजे आता कुलूप.

"बाराच बरोबर आहेत." दारात बाइंडर उभा होता, डोळे चोळत. "तेराव्याला माझे खांदे वर चढायला लागले. म्हणून पुढचे मी दर सोमवारी, तू खाली यायच्या आधी काढून घेतले."

ती धडपडत बाहेर आली. येता येता डोकं आपटलंच. "अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दुकान बंद करावं लागलं असतं. चारचौघांत बोलून बसलो होतो ना!"

तिला हसू आवरेना. डोळे पुसत तिनं विचारलं, "आणि काढलेले पुठ्ठे? रद्दीत घातलेत की काय?"

बाइंडरनं खिडकीकडे मान वळवली. तिथं तिचं स्वतःचं टेबल होतं. रोज दिवसभर ती त्यावर मान खाली घालून पुस्तकं शिवायची.

"खरं सांग," तो म्हणाला, "गेल्या दोन महिन्यांत एकदा तरी मान दुखली का गं तुझी?"