दगडाचा कापूस

रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडून परतताच जयवंतानं नवऱ्याच्या पाठीमागची उशी काढून घेतली. धापा टाकत शालिकराम कळवळला, "काहून काढून राहिली वं? तिच्याबिगर बसवत नाही मले." सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होता, तेव्हा उशीतला हा दगडाचा कापूस, म्हणजे ॲस्बेस्टॉस, त्यानंच कौतुकानं घरी आणला होता; जळत नाही, कुजत नाही, म्हणून. तिनंही तो हौसेनं पिंजून उशांत भरला. त्याचीच कुसळं आता नवऱ्याच्या फुप्फुसात रुतून बसली आहेत, असं डॉक्टर आज म्हणाले. ती उशी ओल्या फडक्यात गुंडाळत होती, तेवढ्यात सावनेरहून लेकीचा फोन आला. "बाबा कसे हायेत वं, आई?" विचारता विचारता श्वेताला ठसका लागला. जयवंताला लेकीच्या रुखवतात मांडलेली उशी आठवली. "पोरी, तुयी उशी कुठी हाये?" "हळू बोल, आई. पोरगं आत्ताच झोपलं तिच्यावर. दुसरी चालतच नाही त्याले."