निकाली फाईल

आमच्या लातूरच्या कचेरीत मनस्विनी दिवसाला दोनच फायली निकाली काढते अन् सहाला घरी जाते. तिला पाहून माझा जळफळाट होतो.

"तू नुसत्या फायली हलवायलीस गं!" आजही ती निघताना हसली.

मी थांबले. अंगणवाडीच्या खाऊची, महिनाभर टाळलेली फाईल सातला उघडली. ती निकाली निघाली होती. आजची तारीख, खाली माझीच सही.

घरी सासूबाई दारातच चपापल्या. "तू बाहेर कवा गेलीस? सहालाच आलीस, यज्ञेशला घेऊन आतच होतीस की!"

आतून माझ्याच आवाजात चिऊकाऊची गोष्ट ऐकू येत होती. माझं लेकरू खळखळून हसत होतं.

माझ्याजवळ ते असं कधीच हसलं नव्हतं.