अकरावी ओळ

अकरावी ओळ कुणीच वाचली नव्हती.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवण्याआधी जुन्या नोंदींची प्रत काढून ठेवा, असं त्या ओळीत लिहिलं होतं. आवृत्तीसोबत पाठवलेल्या नोट्सच्या वरच्या दहा ओळींत इंजिनिअरने आपण काय काय दुरुस्त केलं, याचं प्रोग्रॅमरांच्या भाषेत भरपूर कौतुक केलं होतं. झालं असं, की खुद्द त्याच्या ताईच्या वाचनालयातल्या चार महिन्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या. कुठलं पुस्तक कुणाच्या घरी आहे, याचा कुणालाच पत्ता नाही.

"मी लिहिलं होतं," इंजिनिअर म्हणाला.

"लिहिलं होतंस. पण लपवून लिहिलं होतंस," ताई म्हणाली आणि कपाटातलं जाड रजिस्टर काढून त्यात रेघा मारायला बसली.

वाचनालयांसाठीचा तो प्रोग्रॅम इंजिनिअर आणि त्याचे चार मित्र नोकऱ्या सांभाळून, निव्वळ हौसेने बनवत होते. चौदा वाचनालयं तो वापरायची. सख्ख्या बहिणीनेच सोडला म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतील, हे कळायला ज्योतिषी नको होता.

त्याच आठवड्यात एक मेल आली. इंजिनिअरच्या यादीत त्या पत्त्यासमोर 'टेकडीवरचं वाचनालय' असं लिहिलं होतं. तिकडे नोट्स वर्षभर जात होत्या, उत्तर मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

"हे माझ्यासाठी नसावं. यातला एकही शब्द कळत नाही. योग्य ते करावं, ही विनंती."

इंजिनिअरला मिरच्या झोंबल्या. त्याने लगेच ताईला फोन लावून मेल वाचून दाखवली. "टोमणा बघ. म्हणे माझ्यासाठी नसावं."

"टोमणा कसला त्यात? तू लिहितोस ते तुझ्याचसाठी. कोण आहेत या?"

"नाव नाही. खाली नुसतं 'बाई' लिहिलंय."

"हेडबाई असणार. शेरा मारावा तो असा," ताई म्हणाली. तिच्या आवाजात गेल्या कित्येक दिवसांत नव्हतं ते हसू होतं.

दोन दिवस इंजिनिअर धुसफुसला. तिसऱ्या दिवशी त्याने सगळं नव्याने लिहिलं आणि फक्त बाईंना पाठवलं. सोबत विचारलं, "आता कळतंय का?"

उत्तर सकाळीच आलं. "दुसरं वाक्य कळलं. बाकी नाही. एवढं विचारताय म्हणून सांगते, जे बिघडू शकतं ते सगळ्यात आधी सांगावं. आधी माप, मग कात्री."

शेवटचे चार शब्द पाचही जणांना इतके आवडले, की त्यांनी ते मोठ्या अक्षरात छापून आपापल्या टेबलासमोर चिकटवले.

तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीच्या नोट्स आधी हेडबाईंकडे जायला लागल्या. बाईंची उत्तरं दोन-तीन ओळींची असायची, पण अचूक वर्मावर बसायची. 'डेटाबेस' म्हणजे नोंदीच ना, मग नोंदीच म्हणा की. आणि 'काही किरकोळ सुधारणा केल्या' हे काय? किरकोळ असतील तर सांगता कशाला, नसतील तर झाकता कशाला?

"शाळा सुटून वीस वर्षं झाली, पण बाई काही सुटल्या नाहीत," एक मित्र म्हणाला. पण पुढच्या खेपेला 'किरकोळ सुधारणा' खोडून त्यानेच तिथे तीन साधी वाक्यं लिहिली.

सहाव्या आवृत्तीच्या नोट्स एका पानात बसल्या. सुरुवातीला काय करून ठेवायचं, मग काय बदललं, आणि तळाला, अडलं तर म्हणून, इंजिनिअरचा स्वतःचा फोन नंबर.

बाईंचं उत्तर आलं, "सगळं कळलं."

इंजिनिअरने ते तीनदा वाचलं आणि पान घेऊन तडक वाचनालय गाठलं. ताईने कॉम्प्युटरवरची धूळ पुसली, पहिली ओळ मोठ्याने वाचली, प्रत काढली आणि बटण दाबलं. दहा मिनिटांत सगळी पुस्तकं आणि सगळे वाचक जागच्या जागी उभे राहिले. रजिस्टरातल्या नोंदी चढवून झाल्यावर ताईने ते उचलून बालविभागाच्या बाकावर ठेवलं. "घ्या रे, कोऱ्या पानांवर चित्रं काढा."

वर्ष सरता सरता वाचनालयं एकेचाळीस झाली. अडलेल्यांचे फोन महिन्याला दोन यायचे, त्यातला एक नुसतंच शाबास म्हणायला. मग ताईच्या वाचनालयात सगळ्यांचा मेळावा ठरला आणि हेडबाईंना अगत्याचं बोलावणं गेलं. त्यांनी आढेवेढे घेतले. इंजिनिअर हटून बसला.

बाई आल्या तेव्हा सगळं सभागृह वर्गासारखं उठून उभं राहिलं. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, हसऱ्या. भांबावून त्यांनी सगळ्यांना बसायची खूण केली, तीही अगदी हेडबाईंसारखी.

"तुमच्याकडे गर्दी असते का हो?" ताईने शेजारी बसत विचारलं.

"असते ना. शाळा उघडताना तर पाय ठेवायला जागा नसते."

"आमच्याकडेही तेच," ताई समाधानाने म्हणाली.

इंजिनिअर बोलायला उभा राहिला. त्याने अकराव्या ओळीची कबुली दिली, बाईंचे शेरे वाचून दाखवले, आणि लोक पोट धरून हसले. "आम्हाला प्रोग्रॅम लिहिता येत होता, माणसांशी बोलता येत नव्हतं. ते या बाईंनी शिकवलं," तो म्हणाला. टाळ्या थांबेनात. त्याने फुलं बाईंच्या हातात दिली आणि माईक पुढे केला.

बाईंनी फुलं सावरली, घसा साफ केला.

"तुम्ही दर वेळी इतक्या आपुलकीने विचारायचात, की खरं सांगायला जीभ रेटेना," त्या म्हणाल्या. "माझं शिवणकामाचं दुकान आहे. त्या टेकडीवरच्या वाचनालयाच्या आणि माझ्या मेलच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक आहे."