नावं घ्यायची नाहीत

“नावं घ्यायची नाहीत,” मुकुंदराव म्हणाले. “एकाचं घेतलं की सगळ्यांचं घ्यावं लागेल.”

“मग घ्या की सगळ्यांचं,” तारामती म्हणाली.

जामबागच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष असलं ऐकून घ्यायला बसलेले नव्हते. कोरोनात गेलेल्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम आता सुरूच होणार होता. स्टेजवर भलामोठा फलक होता: ‘कोरोनावर मात, आता नवी पहाट’. गेलेल्यांना आदरांजलीही होती, खाली, बारीक अक्षरात, जिलेबीच्या प्रायोजकाला धक्का न लावता.

“वहिनी, देशाची एवढी माणसं गेली. देश नावं घेत बसला का? आकडा सांगितला आणि पुढं गेला.”

तारामतीचं मागणं एवढंच होतं, की तिच्या नवऱ्याचं नाव कुणीतरी चार माणसांत एकदा मोठ्यानं घ्यावं. ते गेले तेव्हा चार माणसं जमू दिली नव्हती. खांदा नाही, दहावा नाही. प्लास्टिकात गुंडाळलं आणि नेलं. तिनं स्वतः नाव घेण्याचा प्रश्नच नव्हता. लग्न झाल्यापासून तिनं ते उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नव्हतं, आणि विधवेला उखाणा कोण घ्यायला लावतो?

“काकू, आपल्याला सगळं पॉझिटिव्ह ठेवायचंय,” सचिव प्रशांत समजुतीनं म्हणाला. तो पुण्याचा, हायटेक सिटीत नोकरीला. त्या वर्षी ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की घर हादरायचं. आता तो शब्द ठणठणीत बरा होऊन परत आला होता. माणसं तेवढी परत यायची राहिली.

मुकुंदरावांनी मग नेहमीसारखा आपल्या मुलीचा दाखला दिला. “आमची शिल्पा बघा. कॅनडाला गेली, लॉकडाऊनपासून इकडं फिरकली नाही. म्हणून आम्ही रडत बसलो का? तिकडंच रमली म्हणायचं अन् आपलं काम करायचं.”

शिल्पाची कुणीही चौकशी केली तरी उत्तर हेच असे. मजेत आहे, तिकडंच रमली.

कार्यक्रम सुरू झाला. पाहुणे उशिरा आले, म्हणून दोन मिनिटांची शांतता अर्ध्यावर आणली. तेवढ्यातही एकाचा फोन वाजलाच. देणगीदारांच्या शालींना मात्र वेळ कमी पडला नाही. पाहुणे तळमळीनं बोलले. आपण जिंकलो, असं त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की आपली माणसं हरवून बसलेल्यांनीही भिडेखातर टाळ्या वाजवल्या.

शेवटी जयवंताबाई कीर्तनाला उभ्या राहिल्या. मुकुंदरावांनी त्यांनाही आधीच बजावलं होतं. “देवाचं तरी घेऊ ना, का त्यालाबी बंदी?” एवढंच त्यांनी विचारलं होतं. टाळ लागला, पेटीनं सूर धरला, बाईंचा आवाज पहिल्याच आलापात छताला भिडला. नुसतं हजेरी लावायला आलेलं सभागृह हळूहळू डोलायला लागलं. बाईंनी शब्द पाळला. देवाखेरीज कुणाचंही नाव त्यांच्या तोंडून आलं नाही. मुकुंदराव निर्धास्त झाले आणि जिलेबीकडे एक चक्कर मारून आले.

आरती झाली. लोक पाया पडायला रांगेनं आले. येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला आपल्या हातानं बुक्का लावायचा, ही जयवंताबाईंची कायमची रीत. रांगेत पहिली तारामती होती. कुंकू पुसलेल्या त्या कपाळाला बोट लावताना बाईंनी हळूच विचारलं, “तुझ्याकडलं कोण गेलं, माय?”

तारामतीचे ओठ नुसतेच हलले. मग ती म्हणाली, “दिगंबर.”

बाईंच्या पदराला लावलेला माईक चालूच होता. नाव सगळ्या सभागृहात घुमलं. तारामती दचकली. आजूबाजूला पाहिलं. मग कुणी न विचारता, पहिल्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली, “दिगंबर जाधव. कोठीच्या बाजारात त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं.”

बाईंनी मान डोलवली आणि पुढच्या कपाळाला बोट लावलं.

“निशिगंधा. माझी धाकटी बहीण.”

“आमचे अण्णा.”

“कुलदीप. आणि त्याच्या मागोमाग त्याची आई.”

पाया पडायला न येणारेही आता उठून रांगेत लागले. रांग दारापर्यंत गेली. पाहुणे घड्याळ बघत निघून गेले. जिलेबी गार झाली.

“प्रशांत, माईक बंद कर!” मुकुंदराव ओरडले.

प्रशांत रांगेत उभा होता.

मुकुंदराव तरातरा स्वतःच स्टेजवर चढले. “नक्को हे, बाई. बास करा. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“मी कुठं घेतली नावं?” जयवंताबाई म्हणाल्या. आणि रीतीप्रमाणे त्यांच्याही कपाळाला बुक्का लावत विचारलं, “तुमच्याकडलं कोण, मुकुंदराव?”

पहिल्या ओळीत बसलेली त्यांची बायको त्रिवेणी उठून उभी राहिली. माईक बंद करायला पुढं झालेला मुकुंदरावांचा हात तिथंच थांबला.

“शिल्पा,” ते म्हणाले.