तेल उतरेपर्यंत

खिडकीतून क्लचची केबल खाली आली आणि कियिंबाने तिचं टोक न बघताच झेललं. बघायची सोयच नव्हती. वरचं टोक सासूबाईंच्या हातात होतं, आणि जावयाने सासूचं तोंड पाहायचं नसतं. सासूबाई आत, तो बाहेर, मधे भिंत. दारात त्याची बायको नाब्बोसा आठव्या महिन्याचं पोट सांभाळत बसली होती. नवऱ्याचे निरोप आईला आणि आईचे नवऱ्याला पोचवायचे, हे तिचं काम. दोघांमधलं अंतर दोन हातांचं होतं.

भानगड गेल्या आठवड्यात पायरीवर झाली. सासूबाई पाण्याचा डबा घेऊन घसरल्या. कियिंबाचा धंदा मोटारसायकलवर गिऱ्हाईकं वाहण्याचा. मागचं माणूस पडायला लागलं की हात आपोआप जातो. तसाच गेला. त्याने सासूबाईंचा दंड धरला.

सासू-जावयाचा स्पर्श झाला की हात कापायला लागतात, हे युगांडातल्या मसाका गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. संध्याकाळी त्याचा डावा हात कापायला लागला. स्टँडवरच्यांनी सामुदायिक निदान केलं: सासू लागली. एक जण तर लांब बसायला लागला. त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं.

सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी शेजारची खोली भाड्याने घेऊन राहिल्या होत्या. जावयाचा हात गेला तर घर काय खाणार, म्हणून त्यांनी गाठोडं बांधलं. उद्या सकाळी गावी. नाब्बोसा पहिलटकरीण. ती कालपासून रडत होती आणि रडता रडता शिजवायची हिरवी मटोकेची केळी सोलत होती, कारण जेवायचं सगळ्यांनाच होतं.

मग आज दुपारी कियिंबाने अंगणात क्लच दाबून पाहिला. क्लच बोकडासारखा ओरडला. सासूबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि लेकीला हाक मारली.

"तुझ्या बापाच्या सायकलचा ब्रेक असाच ओरडायचा. त्याचाही हात कापायचा," त्या म्हणाल्या. "आणि त्याची सासू तर लग्नाआधीच वारली होती."

म्हणजे दोष सासूचा नसेल, रोज डाव्या हाताने दाबायच्या त्या कडक क्लचचा असेल. केबल निघाली.

प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून सासूबाईंनी तो केबलच्या वरच्या तोंडावर रबराने आवळला, आणि पिशवीत तेल ओतलं. केबल उभी धरायची त्यांनी, आतली तार खालीवर ओढायची त्याने. पहिल्यांदा तार हललीच नाही. कियिंबाने निरोप पाठवला की ती सासरी निघालेल्या नवरीसारखी अडून बसली आहे. वरून निरोप आला की मग नवरीसारखंच वागवा, हिसडे देऊ नका. हळूहळू तार सैल झाली. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग काळं तेल, मग स्वच्छ तेलाचा एक थेंब त्याच्या अंगठ्यावर पडला.

कियिंबाने डावा हात गुडघ्यावर ठेवून पाहिला. आज रविवार, गाडी चालवली नव्हती. हात गपगार होता. नाब्बोसाने ते पाहिलं आणि आईला म्हणाली, हात बरा आहे, सोड ते गाठोडं.

मग सासूबाई म्हणाल्या, नको, मी जातेच.

का, ते सांगेनात. नाब्बोसाचे डोळे पुन्हा भरले.

कियिंबाने तार ओढायची थांबवली होती. तरी तार हलत होती. बारीक, सारखी, पानावरच्या पाण्यासारखी. त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बोटं शांत होती. थरथर वरून येत होती. पायरीवर स्पर्श दोघांचा झाला होता. आठवडाभर सगळ्यांनी हात मात्र त्याचाच पाहिला होता.

त्याने तार मुठीत घट्ट धरली, घसरणाऱ्या माणसाचा दंड धरावा तशी, आणि तशीच धरून ठेवली. तारेची थरथर जरा कमी झाली.

नाब्बोसाने आईचा निरोप सांगितला: तेल उतरलं का विचारतेय, म्हणजे हात मोकळा करेल.

तेलाचं आता त्याच्या पायाशी थारोळं झालं होतं. कियिंबाने त्यावर पाय ठेवला. मग लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, मधे कुणाला न घालता, तो भिंतीकडे मान वळवून बोलला.

"आई, वरचं टोक सोडू नका. तेल अजून आलेलं नाही. बाळंतपणापर्यंत येईल असं वाटत नाही."